गदांची बेरीज आणि मल्लाचे मोल

कुस्तीचा मोसम आला की एक जुना वाद नव्याने रंगतो. सर्वश्रेष्ठ मल्ल कोण? २०१५ सालची महाराष्ट्र केसरी स्पर्धा नागपूरच्या चिटणीस पार्कात झाली आणि जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी यांनी तेथे आपली दुसरी गदा खांद्यावर घेतली, तेव्हा एरवी क्रिकेटात रमणाऱ्या या शहरातही तो वाद शिरला. नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावर वसलेल्या वाडीसारख्या गावात तर त्याला निराळीच धार येते. मालमोटारींचे तळ, गुदामे आणि जवळची अंबाझरीची आयुध निर्माणी यांमुळे येथे नाना जिल्ह्यांतील माणसे पोटापाण्यासाठी स्थिरावली आहेत. कोल्हापूरचा अभिमानी आणि खानदेशचा अभिमानी चहाच्या एकाच टपरीवर भेटतात, आणि दोघेही बोटांवर गदा मोजू लागतात.

वरवर पाहता हा रिकामपणचा उद्योग वाटेल. पण समाज आपल्या थोरांची मोजदाद कोणत्या मापाने करतो, यावरून तो उद्याच्या थोरांसाठी काय करील हेही ठरत असते. म्हणून या बेरजेची तपासणी करणे अगत्याचे आहे.

आकड्यांची साक्ष

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ सालची. तिच्या वतीने पहिला महाराष्ट्र केसरी १९६१ साली ठरला. त्या मानाचे पहिले मानकरी दिनकर दह्यारी. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन पानांतच सलग दोनदा जिंकणारी चार नावे भेटतात. गणपतराव खेडकर (१९६४ व १९६५), चंबा मुत्नाळ (१९६७ व १९६८), दादू चौगुले (१९७० व १९७१) आणि लक्ष्मण वडार (१९७२ व १९७३). पुढे दीर्घकाळ असे सातत्य दुर्मिळ झाले. चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे साधली. तीनदा विजेतेपद मिळवण्याचा विक्रम प्रथम नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ व २०१३ या वर्षी केला. विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ या लगतच्या तीन वर्षांत त्याची बरोबरी केली.

बेरीज येथेच थांबवली तर यादव आणि चौधरी हे दोघे समसमान, आणि दादू चौगुले त्यांच्याहून एका गदेने उणे. पण अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही येथे शंका घेईल. १९७० चा रुपया आणि आजचा रुपया यांची बेरीज आपण आधारवर्ष न ठरवता करत नाही. मग १९७० ची गदा आणि २०१५ ची गदा एकाच तागडीत कशा टाकाव्यात? दादूंना त्या काळी समोर कोण होते, माती कोणती होती, कुस्ती किती वेळ चालत असे आणि गुणांचा हिशेब कसा होता, हे सारेच निराळे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतील या मल्लाने 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब मिळवला आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतासाठी रौप्यपदक आणले. पुढे २००० साली त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले यांनीही महाराष्ट्र केसरीचा मान पटकावला. दोन गदांच्या आकड्यात यातले काय मावते?

उलट बाजूनेही पाहावे. २०२३ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे विजयी झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धाराशिव येथे पुन्हा तेच जिंकले, आणि त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदर शेख हेही महाराष्ट्र केसरी ठरले. कारण संघटनेत फूट पडून एकाच किताबाच्या दोन स्पर्धा भरल्या होत्या. एका राज्यात दोन टांकसाळी निघाल्या म्हणजे नाण्याचे काय होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. यात मल्लांचा दोष काहीच नाही. त्यांनी समोर आलेला प्रतिस्पर्धी चीत केला. पण मोजणाऱ्याच्या हातातले माप मात्र डळमळले.

मापात न बसणारे

या मापाचा आणखी मोठा दोष असा की काही थोर मल्ल त्याच्या कक्षेतच येत नाहीत. महाराष्ट्र केसरीची गदा ही जड वजनाच्या मल्लाची. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. तरीही गदांच्या बेरजेत त्यांच्या नावापुढे शून्यच. नरसिंग यादव यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. आंतरराष्ट्रीय आखाड्यात ते ७४ किलो गटाचे मल्ल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण, तर २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. असा मल्ल घरच्या स्पर्धेत धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना तीन वर्षे पुरून उरला. केवळ कुस्तीच्या कसावर तोलायचे तर तीन-तीन गदांच्या या बरोबरीत त्यांचे पारडे जड मानावे लागेल. २०१६ साली उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली, हेही त्याच कागदावर नोंदले पाहिजे. चौधरी यांच्या बाजूला अशी आंतरराष्ट्रीय पदकांची रास नसली, तरी लागोपाठ तीन वर्षे शरीर आणि मन एकाच उंचीवर ठेवण्याची तपश्चर्या आहे. तीही कमी लेखता येणार नाही.

चार वर्षांची चौकट

तुलना न्याय्य व्हायची तर प्रत्येकाला संधी सारखी हवी. या दृष्टीने अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे विद्यार्थी-मल्लाला साधारणतः चार मोसम मिळतात, आणि तो आपल्या वजनाच्या गटातच लढतो. त्यामुळे चारही वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणे ही पूर्णत्वाची खूण ठरते. हे प्रथम साधले ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या पॅट स्मिथ यांना, १९९४ साली. आयोवा स्टेटचे केल सँडरसन यांनी १९९९ ते २००२ या काळात १५९ कुस्त्या केल्या आणि एकही गमावली नाही. कॉर्नेलचे काइल डेक यांनी २०१० ते २०१३ दरम्यान चार विजेतेपदे मिळवली, तीही चार निरनिराळ्या वजनगटांत. पेन स्टेटचे कार्टर स्टारोची तर २०२१ ते २०२५ मध्ये पाच वेळा विजेते झाले.

मग स्टारोची सर्वश्रेष्ठ? तेथेही वाद मिटत नाही. पाचवी संधी त्यांना मिळाली ती करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या सर्वच खेळाडूंना एक मोसम वाढवून दिल्याने. उलट डॅन गेबल यांच्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. त्यांच्या वाट्याला तीनच संध्या आल्या. १९६८ व १९६९ साली ते जिंकले आणि १९७० च्या अंतिम कुस्तीत हरले. दोनच विजेतेपदे, पण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले, आणि आजही अनेक जाणकार त्यांचे नाव प्रथम घेतात. म्हणजे विजेतेपदांची संख्या ही गुणवत्तेइतकीच संधीचीही मोजणी असते.

मात्र त्या चौकटीचा खरा धडा विजेत्यांविषयी नाही. तो हरणाऱ्यांविषयी आहे. ज्याला एकही विजेतेपद मिळाले नाही असा मल्लही चार वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडू शकतो. तेथील व्यवस्था उदार आहे असेही नाही. वरिष्ठ श्रेणीतील महाविद्यालयाच्या कुस्तीसंघाला दीर्घकाळ ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि ती रक्कम अनेक मल्लांत वाटली जाई. तरीही आखाडा आणि वर्ग एकाच आवारात असतात, ही गोष्ट मोठी आहे.

खुराकाचे अर्थशास्त्र

आपल्याकडे तालमीत उतरणारा मुलगा काय पणाला लावतो? दूध, तूप, बदाम, अंडी, मटण हा खुराक रोजचा. सण असो वा दुष्काळ, त्यात खंड चालत नाही. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरात एका मुलाच्या ताटासाठी बाकीच्यांच्या ताटाला कात्री लागते. हा दिसणारा खर्च झाला. न दिसणारा खर्च याहून मोठा आहे. वयाच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षांत समवयस्क मुले शिक्षण घेतात, हुन्नर शिकतात, नोकरीत रुजू होतात. मल्ल ही सारी वर्षे मातीत घालतो. सोडून दिलेल्या संधीचे हे मूल्य कोणत्याही जमाखर्चात मांडले जात नाही.

आणि मिळकत? ती जवळपास सारीच शिखरावर साठलेली. गदा मिळाली तर सत्कार, बक्षीस आणि कदाचित सरकारी नोकरी. यादव आणि चौधरी या दोघांनाही पोलीस उपअधीक्षकाचे पद मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण उपांत्य फेरीत खांदे टेकलेल्या मल्लाचे काय? जिल्ह्याच्या निवड चाचणीतच गुडघा निखळलेल्या मुलाचे काय? ज्या व्यवसायात एकाला सर्व आणि शंभरांना शून्य मिळते, त्यात गरिबाने मुलाला का घालावे? ज्यांना तो धोका पेलतो तेच टिकतात. गदा मिळवणाऱ्यांच्या यादीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या भागांतील गावे पुनःपुन्हा दिसतात, याचे कारण तेथील हवापाण्यात नाही. संस्थानी काळापासूनचा आश्रय, तालमींची परंपरा, गावोगावच्या जत्रांतील मैदाने आणि त्यांतून मिळणारी बिदागी यांनी तेथे हा धोका वाटून घेतला. नागपूरकडच्या मुलाला असा भागीदार क्वचित लाभला.

सात हजार रुपये

सर्वश्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना म्हणूनच दृष्टी एका अशा मल्लाकडे वळते, ज्याच्या नावावर महाराष्ट्र केसरीची एकही गदा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांचा काळ सरला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा ते शिकलेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमार यांनी आणले ते २००८ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला तर २०२४ उजाडले, आणि तेही स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीमुळे.

खर्डेकरांच्या त्यागाची कथा आपण अभिमानाने सांगतो. पण प्राचार्याने घर गहाण टाकावे लागणे हे व्यवस्थेचे भूषण नव्हे. शिक्षणसंस्थेने जे नित्याचे कर्तव्य म्हणून करायचे, ते एका माणसाने अपवाद म्हणून केले, एवढाच त्याचा अर्थ. असे अपवाद दर पिढीला घडतील या भरवशावर खेळ उभा राहत नाही.

वाडीवरून जाणारा रस्ता ज्या अमरावतीला पोचतो, तेथे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. आखाडा आणि पाठशाळा एकत्र नांदू शकतात, हे विदर्भाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची सोय केली आहे. त्या चार वर्षांत विद्यार्थी-मल्लाला दोन वेळचा खुराक, एक मॅट, एक शिक्षक, स्पर्धेच्या काळात हजेरीची सवलत, हुकलेली परीक्षा पुन्हा देण्याची मुभा आणि दुखापत झाल्यास उपचार, एवढी हमी विद्यापीठांनी दिली तरी पुष्कळ होईल. यातील निम्म्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, परिपत्रक लागते.

टपरीवरचा वाद चालू राहो. त्यात रंगत आहे आणि तो कुस्ती जिवंत असल्याचे लक्षण आहे. कोणी यादवांचे नाव घेईल, कोणी चौधरींचे, जुनी माणसे दादू चौगुल्यांवर अडून बसतील. मात्र गदा मोजून झाल्यावर वाद घालणाऱ्यांनी आणखी एक मोजणी करावी. आपल्या गावातली किती मुले केवळ खुराकाअभावी किंवा परीक्षेच्या धाकाने लांग उतरवून घरी परतली? त्यांतला एखादा चौथी गदा उचलणारा नव्हता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?