पोटात बाळ, पर्समध्ये कॅमेरा

रमजानच्या दिवसांत जिभेला लगाम ठेवा, कुणाची चहाडी करू नका, कुणाच्या घरात डोकावू नका, असे मशिदीतल्या बयानात दरवर्षी सांगितले जाते. दुसऱ्याची खासगी बाब खोदून काढण्याला अरबी-उर्दूत ‘तजस्सुस’ म्हणतात आणि कुरआनच्या ‘अल-हुजुरात’ या सूरहमध्ये त्याला साफ मनाई आहे. त्याच कुरआनच्या ‘अन-निसा’ या सूरहमध्ये दुसराही आदेश आहे. न्यायासाठी गवाही द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा आईबापाच्या विरोधात जात असली तरी चालेल.

मग खोटे नाव सांगून, पर्समध्ये कॅमेरा लपवून एखाद्याच्या दवाखान्यात शिरणे कशात मोडते? तजस्सुसमध्ये की गवाहीत? हा प्रश्न केवळ मदरशातल्या चर्चेचा नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या काही साध्यासुध्या गर्भवती स्त्रियांनी त्याचे उत्तर स्वतःच्या पायांनी चालत जाऊन दिले आहे.

साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी 1990 मध्ये दलित महिला विकास मंडळ स्थापन केले. पुढे याच संस्थेच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने गर्भलिंगनिदान करणाऱ्यांना रंगेहाथ पकडण्याचे काम हाती घेतले. 2025 मध्ये देशपांडे यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. त्यांच्या मोहिमेत बनावट गिऱ्हाईक म्हणून आत गेलेल्या बायांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत, आणि तेच बरे.

साखळी कशी चालते

गर्भलिंगनिदान हा एकट्या डॉक्टरचा गुन्हा क्वचितच असतो. गावात गिऱ्हाईक हेरणारा एजंट असतो, गाडीतून घेऊन जाणारा असतो, मशीन चालवणारा असतो, आणि ‘मुलगी’ निघाली तर पुढचे काम उरकणारा वेगळाच असतो. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. कागदावर काहीच नाही. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ हे शब्दही उच्चारले जात नाहीत. पेढा की जिलेबी, असे काहीतरी बोलून किंवा नुसत्या खुणेने निरोप पोहोचतो. म्हणूनच शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे लिंग सांगणे हा गुन्हा आहे, असे कायद्यानेच म्हटले आहे.

या गुन्ह्याची आणखी एक अडचण आहे. चोरी झाली तर ज्याची चोरी झाली तो तक्रार करतो. इथे देणारा खूश, घेणारा खूश, आणि जिच्यावर अन्याय झाला ती जन्मालाच आलेली नसते. तक्रार करणार कोण? आतला माणूस फुटत नाही, तेव्हा बाहेरच्या कुणालातरी आत जावे लागते.

आत जाणारी खरोखरच गर्भवती असावी लागते, कारण मशीनपुढे सोंग टिकत नाही. सोबत ‘नणंद’ किंवा ‘जाऊ’ म्हणून एखादी कार्यकर्ती जाते. द्यायच्या नोटांचे क्रमांक आधीच पंचांसमोर टिपून ठेवलेले असतात. एजंट सांगेल त्या ठिकाणी, सांगेल त्या वेळी जायचे. मोबाइल काढून घेतला तरी घाबरायचे नाही. टेबलावर झोपून, डॉक्टर जे बोलेल ते शांतपणे ऐकायचे. पकडले गेलो तर काय, हा विचार तिने दोन जिवांचा करायचा.

परळीचा धडा

बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण 2001 च्या जनगणनेत दर हजार मुलांमागे 894 होते. 2011 मध्ये ते 807 वर आले. याच जिल्ह्यातल्या परळी वैजनाथ इथे डॉ. सुदाम मुंडे आणि त्यांची पत्नी डॉ. सरस्वती मुंडे यांचे रुग्णालय होते. 2010 मध्ये ‘लेक लाडकी अभियाना’ने तिथे स्टिंग ऑपरेशन केले. गुन्हा दाखल झाला, पण रुग्णालय चालूच राहिले. मे 2012 मध्ये तिथे गर्भपात करताना चार मुलींच्या आईचा मृत्यू झाला, तेव्हा सारे राज्य हादरले. पुराव्याची दखल वेळीच घेतली असती तर ती बाई कदाचित आज आपल्या चार मुलींसोबत असती.

2010 च्या स्टिंगवर आधारित खटल्यात 2015 मध्ये मुंडे दांपत्य दोषी ठरले. महिलेच्या मृत्यूच्या खटल्यात 2019 मध्ये दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर बाहेर आल्यावर सुदाम मुंडे 2020 मध्ये पुन्हा बेकायदा रुग्णालय चालवताना पकडले गेले. धंद्याची मुळे किती खोल असतात, ते यावरून कळते.

2010 ते 2015 हा काळ नीट पाहा. स्टिंगच्या वेळी पोटात असलेले मूल निकालापर्यंत बालवाडीत जायच्या वयाचे होते. या प्रकारच्या खटल्यात साक्षीदार बाईला तान्हे मूल कडेवर घेऊन तारखांना जावे लागते. उलटतपासणीत ‘तुम्ही पैसे घेऊन हे नाटक केले ना?’ असे प्रश्न झेलावे लागतात. गावातून निरोप येतात, सासरी दबाव येतो, कधी पैशांचे आमिष येते. अनेक खटल्यांत साक्षीदार इथेच फितूर होतात. कॅमेरा घेऊन आत जायला एका दिवसाची हिंमत लागते. गवाहीवर ठाम राहायला वर्षानुवर्षांचा सब्र लागतो.

नियत कशी तपासायची

छुपे चित्रीकरण केले म्हणजे माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही. जूदेव लाच प्रकरणात चित्रीकरण घडवणाऱ्यांवरच आरोप आले होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका नाकारताना, स्टिंग सरसकट कायदेशीर मानता येणार नाही, प्रत्येक प्रकरणातला हेतू आणि वस्तुस्थिती पाहावी लागेल, अशी भूमिका घेतली. कर्मांचा निवाडा नियतीवर होतो, ही हदीस आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. नियत म्हणजे इथे मनातला हेतू. न्यायालय आणि हदीस इथे एकाच दारात उभे दिसतात.

शेजाऱ्याच्या घरात काय शिजते हे पाहणे म्हणजे तजस्सुस. ज्या बंद दाराआड कुणाचा तरी जीव जातो, तिथे जाऊन पाहणे आणि पाहिलेले न्यायाधीशांसमोर सांगणे ही गवाही. इस्लामपूर्व अरबस्तानात मुली जिवंत पुरल्या जात. कयामतच्या दिवशी त्या मुलीलाच विचारले जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले, असे ‘अत-तकवीर’ सूरहमध्ये आले आहे. म्हणजे साऱ्या सृष्टीच्या अदालतीत पहिला जबाब पीडितेचा. आपल्या अदालतीत ती बोलू शकत नाही, म्हणून तिच्या वतीने कुणीतरी बोलावे लागते.

सोलापूरकरांसाठी

2017 मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये 19 भ्रूणांचे अवशेष सापडले. म्हैसाळ कर्नाटकच्या सीमेवर आहे. आपले अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर हे तालुकेही सीमेवरचेच. सीमा ओलांडली की एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्यात थेट हात घालू शकत नाही, हे एजंटांना चांगले ठाऊक असते. आणि या बाजारात हिंदू, मुसलमान, लिंगायत, जैन असा भेद नसतो. गिऱ्हाईक सगळ्याच घरांतून येते.

सगळ्यांनी कॅमेरा घ्यावा असे कुणी म्हणणार नाही. कायद्याने मात्र सामान्य नागरिकाच्या हातात बरेच दिले आहे. 1994 च्या कायद्यानुसार शल्यचिकित्सक किंवा महापालिकेचे आरोग्य अधिकारी यांसारख्या समुचित प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यांनी हालचाल केली नाही, तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक किंवा संस्था थेट न्यायालयात जाऊ शकते. राज्याची 1800 233 4475 ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आहे; धमकी आली तर तसा अर्ज करता येतो.

एवढेही जमले नाही, तर एक काम घरबसल्या होण्यासारखे आहे. ओळखीतली एखादी बाई अशा प्रकरणात साक्षीदार असेल, तर ‘कशाला पडलीस या भानगडीत?’ असे तिला विचारू नये. तारखेच्या दिवशी तिचे मूल सांभाळावे, तिच्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात. तिची गवाही टिकली, तरच तिने घेतलेली जोखीम वाया जाणार नाही.