आवाजाची भीती आणि संगणकाची शिकवणी

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही ज्ञानेंद्रिये म्हणजे शरीररूपी घराचे पाच दरवाजे होत. परंतु दरवाजे असले म्हणजे दारावर राखणदारही हवा. बाहेरून येणाऱ्या असंख्य संवेदनांपैकी कोणत्या आत घ्यावयाच्या आणि कोणत्या सोडून द्यावयाच्या, हे ठरविण्याचे काम मेंदू अहोरात्र करीत असतो. रेल्वेमार्गाजवळ राहणारा मनुष्य गाडीच्या धडधडाटात निवांत झोपतो. त्याच्याकडे आलेला पाहुणा मात्र रात्रभर कूस बदलीत राहतो. कान दोघांचेही सारखेच. एकाचा मेंदू त्या आवाजाला सरावलेला असतो, दुसऱ्याचा नसतो, इतकाच काय तो भेद.

काही मुलांना हे सरावणेच फार जड जाते. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर सुरू झाला किंवा शाळेची घंटा वाजली, की ती दोन्ही कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जातात, रडतात, क्वचित पळूनही जातात. एखाद्यास सदऱ्याच्या कॉलरची शिवण टोचते, तर एखाद्यास दिव्याची लुकलुक सोसवत नाही. यास इंद्रियांची अतिसंवेदनशीलता म्हणतात. स्वमग्न मुलांत ती विशेषेकरून आढळते. पण इतर मुलांतही असू शकते. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच यंत्रांच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलांची नोंद त्यांनी केली होती. तरीही अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानग्रंथात या गोष्टीला स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान मिळावयास २०१३ साल उजाडावे लागले.

अशा मुलांचे कान तपासले असता बहुधा निर्दोष ठरतात. मग अडते कोठे? लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की अतिसंवेदनशील स्वमग्न मुलांच्या मेंदूतील, भयाची सूचना देणारा भाग नकोशा आवाजाने व स्पर्शाने अधिक चेतवला जातो. आणि तोच आवाज पुनःपुन्हा आला तरी त्याची चेतना इतरांप्रमाणे ओसरत नाही. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तशी या मुलांची स्थिती होते. शिट्टी होण्याआधीच, चुलीवर कुकर चढलेला पाहूनच, त्यांच्या छातीत धडधड सुरू होते.

संगणकाचा उपयोग होतो तो येथेच. भीती घालविण्याचा जुना मार्ग म्हणजे ज्याची भीती वाटते त्याची ओळख थोडी थोडी वाढविणे. परंतु घरातील कुकर हळू शिट्टी देत नाही, आणि रस्त्यावरचा भोंगा आपली आज्ञा मानीत नाही. संगणक दोन्ही गोष्टी करतो. कुकरची ध्वनिमुद्रित शिट्टी प्रथम अगदी पुसट ऐकवावयाची. सोबत पडद्यावर चित्र दाखवावयाचे. मूल शांत राहिले तरच पुढची पायरी. आवाज डेसिबल या एककात मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, आणि दर १० डेसिबलमागे ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणून पायऱ्या लहान हव्यात. तंबोरा जुळविणारा खुंटी किंचित किंचित फिरवितो. एकदम पिळली तर तार तुटते, हे तानसेनाच्या या नगरीत कोणास सांगावयास नको.

याहून मोठा लाभ म्हणजे आवाज सुरू करण्याची व थांबविण्याची कळ मुलाच्या हाती असते. जो आवाज आपण स्वतः थांबवू शकतो, त्याची दहशत कमी वाटते. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी याच तत्त्वावर एक खेळ रचून त्याची माहिती २०२० साली प्रसिद्ध केली. मुलाच्या डोळ्यांवर पडद्याचा चष्मा आणि कानांवर श्रवणयंत्रे असतात. आभासी सृष्टीत खेळता खेळता नकोसे आवाज भेटतात. काही आठवड्यांनंतर त्या आवाजांविषयीची भीती कमी झाल्याचे आढळले. मात्र हा प्रयोग मूठभर मुलांवरच झाला होता, हे विसरता कामा नये.

सावधगिरी बाळगण्यास आणखीही कारण आहे. फ्रान्समधील डॉक्टर गी बेरार यांनी विशिष्ट प्रकारे बदललेले संगीत ऐकवून कान ‘सुधारण्याची’ पद्धत काढली होती. तिचा बराच बोलबाला झाला. परंतु तिच्या उपयोगास पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९८ साली स्पष्ट केले. तेव्हा चमत्काराची हमी देणाऱ्या यंत्रापासून पालकांनी दूरच राहावे. आमच्या थाटीपुरातच रामकृष्ण आश्रमाची ‘रोशनी’ ही विशेष मुलांसाठी कार्य करणारी संस्था आहे. मुंबईत २००१ साली स्थापन झालेले ‘उम्मीद’ आणि गोव्यातील ‘सेतू’ ही बालविकास केंद्रे आहेत. अशा ठिकाणच्या जाणत्यांचा सल्ला घेऊनच पाऊल टाकणे श्रेयस्कर.

शिवाय पडद्यावरील शिट्टीला सरावलेले मूल स्वयंपाकघरातील शिट्टीला सरावेलच असे नाही. म्हणून खेळानंतर खरा सराव हवा: प्रथम दूरच्या खोलीतून, मग दारातून, मग जवळून. ग्वाल्हेरच्या मेळ्याला न्यावयाचे तर पहिल्या दिवशी गर्दी कमी असताना, थोडाच वेळ न्यावे. कानांत बोळे घालणे अडीअडचणीला ठीक; पण ते सदोदित घातल्यास कान अधिकच हळवे होतात.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक जे करतो त्यातील पुष्कळसे आपण यंत्रावाचूनही करू शकतो. ‘आता घंटा होणार आहे’ एवढे आधी सांगणे, बाक न ओढता उचलून ठेवणे, कान झाकणाऱ्या सोबत्यास न हसणे, यास वीजही लागत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा व रुग्णालये यांच्या सभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानला, आणि तेथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली. कायद्याने जे मागितले ते तर आपण द्यावेच. त्या मुलाने आवाज सोसण्याचा अभ्यास करावा हे योग्यच. पण त्याच्या बरोबरीने आपणही आवाज आवरण्याचा अभ्यास केला पाहिजे. दोन्ही अभ्यास एकाच वर्गात चालतील, तेव्हाच तो मुलगा प्रार्थनेच्या वेळी कोपऱ्यात न जाता आपल्या रांगेत उभा राहील.