कळसूबाईला जाताय? बारीत मुक्काम करा

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, उंची 1646 मीटर. घोटी-भंडारदरा रस्त्यावरचं बारी हे तिच्या पायथ्याचं गाव, तालुका अकोले. बरेच जण रात्रभर प्रवास करून येतात आणि तसेच चढायला लागतात. माझं ऐका, आदल्या संध्याकाळीच बारीत पोहोचा. एखाद्या घरी सांगून ठेवलंत तर चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो, अंगणात झोपायची सोयही होते.

पहाटे निघालात की शेताच्या बांधावरून वाट सुरू होते. चढ सलग आहे, साधारण तीन तास धरा. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटे त्यांचे कठडे दवाने ओले आणि बर्फासारखे गार असतात, पकड घट्ट ठेवा. पावसाळ्यात तर फारच जपून!

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. नवरात्रात इथे मोठी गर्दी होते. आकाश निरभ्र असेल तर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत दिसतात, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत असतं. हे दृश्य बघायला घाई करू नका.

उतरल्यावर जेवण बारीतच करा. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र स्वतःच्या पाठपिशवीतून घरी न्या.