सनद मिळाली, पण गाव सुटलं: कॅथरीन आणि क्रिमियाचे आर्मेनियन

आजचा भाग आहे एका कागदाबद्दल. साल १७७९. काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतो, याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवलं होतं. तिकडे रशियात, जुन्या रशियन पंचांगानुसार १४ नोव्हेंबरला, सम्राज्ञी दुसरी कॅथरीन एक सनद देते. कोणाला? क्रिमियातून आलेल्या आर्मेनियन लोकांना.

सनदेत काय होतं? दॉन नदीच्या काठी जमीन. दहा वर्षं करमाफी. सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट. व्यापाराची मोकळीक, स्वतःची चर्च, आणि आपले तंटे आपल्याच लोकांनी सोडवावेत म्हणून स्वतःचं न्यायमंडळ. आपल्याकडे नवी पेठ वसवताना पेशवे व्यापाऱ्यांना कौल द्यायचे, काही वर्षं कर माफ करायचे. साधारण तसंच समजा.

ऐकायला छान वाटतं ना? आता एक वर्ष मागे जाऊ.

क्रिमियात तेव्हा तातार खानाचं राज्य होतं. १७७४च्या तहानंतर ते तुर्की सुलतानाच्या हाताखालून सुटलं आणि रशियाचा डोळा त्यावर होता. तिथले आर्मेनियन आणि ग्रीक म्हणजे व्यापारी, कारागीर, बागायतदार. खानाच्या तिजोरीत भर घालणारे लोक. तेच उठवून नेले तर? खान आपोआप कमजोर! १७७८ मध्ये सेनापती सुवोरोव्हच्या देखरेखीखाली हजारो ख्रिस्ती लोकांना तिथून हलवलं. त्यात साधारण बारा हजारांवर आर्मेनियन होते.

कारण सांगितलं गेलं संरक्षणाचं. पण पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, बागा, दुकानं मागे राहिली. वाटेत थंडी आणि आजारपणात कित्येक जण गेले. म्हणजे सनद हातात पडली, तेव्हा ती घ्यायला सगळे उरले नव्हते. आणि १७८३ मध्ये रशियाने क्रिमियाच गिळला.

मग सनद म्हणजे नुसती फसवणूक होती का? तसंही नाही, बरं का. या लोकांनी दॉनकाठी नवं नाखिचेवान शहर वसवलं, आसपास पाच गावं उभी केली. क्रिमियातून आणलेले कोरीव दगडी क्रूस त्यांनी इथल्या सुर्ब खाच चर्चमध्ये जपले. कवी मिकायेल नालबांदियान आणि चित्रकार मार्तिरोस सारियान याच शहरात जन्मले. नालबांदियान तर १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला थेट कलकत्त्याला आला होता, तिथल्या आर्मेनियन मंडळींकडून आपल्या शहरासाठी ठेवलेला वारशाचा पैसा आणायला!

१९२८ मध्ये हे शहर रोस्तोव्हमध्ये विलीन झालं. पण चाल्तिर नावाच्या गावात आजही आर्मेनियन बोली कानावर पडते.

तर मंडळी, या सनदेतून एक सवय लावून घेता येईल. एखादा राजा किंवा सरकार म्हणतं, ‘आम्ही यांना आसरा दिला,’ तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. आसरा लागण्याची वेळ कोणामुळे आली? आणि कागदावरचं वचन किती पाळलं गेलं? इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बोचतं, दुसऱ्याचं बरंचसं दिलासा देतं. दोन्ही खरी आहेत, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!