तिसऱ्या मिस कॉलला मुका होणारा डबा

मोबाइलवरून मोटार चालू करणारा डबा जालना जिल्ह्यात आता कुणाला नवा नाही. बदनापूर, अंबड, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांत विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत, स्टार्टरशेजारी तो टांगलेला दिसतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. लाईट आली की डबा मालकाला कळवतो, मालक गावातूनच मिस कॉल देतो, आतला रिले कॉन्टॅक्टर ओढतो आणि पाणी सुरू होतं. उघडून पाहिलं तर आत सिमकार्डचं एक मॉड्यूल, एक मायक्रोकंट्रोलर, दोन-तीन रिले आणि तीन फेज मोजायला लावलेल्या रेझिस्टरांच्या माळा.

बाहेरून तयार येणाऱ्या डब्यांबरोबर थोडे इथेही जुळवले जातात. मोंढ्याच्या बाजूला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत असं एक छोटं काम चालतं. खाली दुकानमालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. वर पुण्यात नोकरी करून परत आलेला एक इंजिनिअर. मी तिथे बसलो ते एका तक्रारीपायी. अंबडकडचे एक शेतकरी तोच डबा पुन्हा घेऊन आले होते. "पहिल्या मिस कॉलला चालू झाली तर झाली," ते म्हणाले. "लगेच नाही झाली म्हणून परत लावला, तिसऱ्यांदा लावला, की डबा मुका. मग लाईट जाऊन येईस्तोवर हूं नाही की चूं नाही."

शेठचं निदान तयार होतं: सिमला रेंज नाही. इंजिनिअरने त्याआधीच प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी छापायच्या ओळी घालून पाहिल्या होत्या. लॅपटॉपवर 'स्टार्ट' असा शब्द यायचा आणि पुढे काही नाही. छापून शोधण्याची हीच अडचण. जिथे संशय आहे तिथेच आपण ओळ घालतो, आणि प्रोसेसर भलत्याच ठिकाणी जाऊन मेलेला असतो. तेव्हा प्रोसेसर जिथे असेल तिथे धरायचा आणि पोटातलं वाचायचं, हे ठरलं.

हे धरण्याचं दार चिपमध्ये आधीपासूनच असतं. त्याचा उगम गंमतीचा आहे. १९८०च्या दशकात चिपचे पाय इतके बारीक आणि जवळजवळ होऊ लागले की सोल्डर नीट बसलंय का हे सुई टेकवून तपासणं अशक्य झालं. मग १९८५मध्ये काही कंपन्यांनी जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप नावाचा गट केला आणि चिपनेच आपल्या पायांची खबर चार तारांवरून बाहेर द्यावी अशी पद्धत बसवली. गटाच्या आद्याक्षरांवरून तिला जेटॅग म्हणतात. १९९०मध्ये ती आयईईई ११४९.१ या नावाने प्रमाणित झाली. सोल्डर तपासायला केलेल्या याच वाटेने पुढे चिपवाल्यांनी प्रोसेसर थांबवायची, एकेक सूचना चालवायची, मेमरी वाचायची सोय केली. प्रोसेसरची रचना करणाऱ्या एआरएम कंपनीने नंतर चारच्या दोन तारा केल्या, एक घड्याळाची, एक डेटाची. तिला एसडब्ल्यूडी म्हणतात. आपल्या डब्यातल्या एसटीएम३२एफ१०३ चिपला दोन्ही येतात.

बोर्डावर त्यासाठी पाच तांब्याचे ठिपके सोडलेले होते: ३.३ व्होल्ट, डेटा, क्लॉक, रीसेट, ग्राउंड. पिना बसवलेल्या नव्हत्या. पिनांची पट्टी काही रुपयांची, पण शेठचा हिशेब शंभर बोर्डांचा असतो. इंजिनिअरने ठिपक्यांना फ्लक्स लावलं, बारीक वायरी टाकल्या आणि वरून गरम गोंदाचा थेंब सोडला. गोंद कशाला, असं मी विचारलं. "वायर ओढली गेली तर ठिपकाच उपटून येतो, सर. मग बोर्ड गेला."

वायरी लावल्या तरी त्याने लॅपटॉप मात्र लगेच जोडला नाही, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. फेज मोजणाऱ्या रेझिस्टरांच्या माळा थेट लाईनवरून येतात. म्हणजे बोर्डाचं ग्राउंड आणि जमिनीतलं अर्थिंग एकाच पातळीवर असेल याची काही खात्री नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला, चार्जर तीन पिनांचा, आणि यूएसबीच्या तारेने दोन्ही ग्राउंड एकमेकांना भिडवले, तर नशीब बरं असेल तर फक्त पोर्ट जळतो. इंटरनेटवरच्या धड्यांत हे सहसा नसतं, कारण त्यांचा बोर्ड टेबलावर पाच व्होल्टवर खेळत असतो. ४१५ व्होल्टच्या लाईनशी त्याची गाठ पडलेली नसते. याने मध्ये यूएसबी आयसोलेटर घातला, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला आणि मोटार जोडलीच नाही. फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ठेवली. त्यामागे आणखी एक कारण होतं. प्रोसेसर थांबवला तरी रिले होता तसाच ओढलेला राहतो. खाली खरी मोटार असती, तर कोरडी पडल्यावर तिला बंद करणारं कुणी जागं नसतं.

लॅपटॉप आणि चिप यांच्यामधला दुभाषी म्हणजे अंगठ्याएवढा ॲल्युमिनिअमचा एक डोंगल, एसटी-लिंक व्ही२ची नक्कल. त्याच्या कवचावर पिनांची नावं छापलेली असतात. ती खरी मानायची नाहीत. एका लॉटचं कवच दुसऱ्या लॉटच्या बोर्डावर चढलेलं असतं. त्याने कवच सरकवून आतल्या बोर्डावरची नावं वाचली. डेटा आणि क्लॉकची अदलाबदल होती. डोंगलचा ३.३ व्होल्टचा पायही त्याने मोकळा ठेवला. बोर्डाला स्वतःचा सप्लाय असताना दोन सप्लाय एकमेकांवर चढवायचे नसतात.

लॅपटॉपवर ओपनओसीडी. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या एका विद्यार्थ्याने, डॉमिनिक राथने, २००५मध्ये पदविकेच्या प्रबंधासाठी लिहिलेला हा प्रोग्राम. आज जगभरच्या छोट्या-मोठ्या प्रयोगशाळा त्यावर चालतात आणि तो फुकट आहे. त्याला दोन फाइली सांगायच्या, डोंगल कोणता आणि चिप कोणती. आज्ञा दिली. उत्तर आलं, चिपशी संपर्क होत नाही.

अशा वेळी नवशिका फाइली बदलत बसतो. याने मल्टिमीटर घेतला. व्होल्टेज बरोबर, ग्राउंड बरोबर. वायरी हातभर लांब होत्या, त्या वीतभर केल्या. क्लॉकचा वेग उतरवून १०० किलोहर्ट्झवर आणला. तरीही नाही. मग त्याने चिमट्याने रीसेटचा ठिपका ग्राउंडला टेकवून धरला, दुसऱ्या हाताने एंटर दाबलं आणि चिमटा सोडला. पडद्यावर ओळ उमटली: १बीए०१४७७.

हा चिपच्या डिबग दाराचा ओळखक्रमांक. चालू होताना दार जेटॅगच्या भाषेत असतं. डोंगल डेटाची तार वर धरून क्लॉकचे किमान पन्नास ठोके देतो, मग सोळा बिटांचा ठरलेला संकेत, पुन्हा पन्नास ठोके, आणि विचारतो, तू कोण? उत्तराचा पहिला अंक १ असेल तर बहुधा अस्सल चिप. २ आला तर बाजारात फिरणाऱ्या नकलांपैकी एक. आपली अस्सल निघाली. शेठ खालून वर आले होते, त्यांना हे ऐकून बरं वाटलं.

पण चिमट्याशिवाय ती बोलत का नव्हती? उत्तर प्रोग्राममध्येच सापडलं. आधीच्या प्रोग्रामरने सुरुवातीचा सांगाडा चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या क्यूबएमएक्स या साधनातून काढला होता. त्यात डिबगचा पर्याय निवडायचा राहिला, की साधन आपणहून एक ओळ लिहून देतं आणि चिप जागी झाल्याबरोबर डेटा आणि क्लॉकच्या दोन्ही पिना डिबगपासून तोडते. दार असतं, पण जागं झाल्यावर पहिलं काम म्हणजे आतून कडी लावणं. रीसेट धरून ठेवला की ती ओळ चालायच्या आत शिरता येतं. त्याने ओळ काढली, प्रोग्राम पुन्हा भरला. चिमट्याचं काम संपलं.

ओपनओसीडी ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहतो. तिथे जीडीबी हा डिबगर जोडला. थांब म्हटलं, थांबला. चल म्हटलं, चालला. आता खरा प्रयोग. लाईन दिली, त्याने आपल्या मोबाइलवरून मिस कॉल दिला. डब्याने कॉल ओळखला आणि फेज स्थिर होण्याची वाट बघत थांबला. हा थांबा प्रोग्राममध्ये मुद्दाम ठेवलेला असतो; लाईट आल्या आल्या मोटार घेतली तर व्होल्टेज बसतं. शेतकऱ्याने करावं तसं यानेही लगेच दुसरा कॉल लावला, मग तिसरा. कॉन्टॅक्टर खट् करून ओढला गेला आणि बोर्डावरचा मिचमिचणारा दिवा स्थिर झाला. मुका.

जीडीबीत थांबवून पाहिलं. प्रोसेसर हार्डफॉल्टच्या, म्हणजे गंभीर चूक झाल्यावर चालणाऱ्या, हँडलरमध्ये गोल गोल फिरत होता. या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्यात असा फॉल्ट झाला की प्रोसेसर आठ रजिस्टरं स्टॅकवर ठेवून मगच हँडलरमध्ये जातो, म्हणजे अपघाताच्या क्षणाचा पंचनामा मेमरीत तसाच पडलेला असतो. त्याने ती आठ ओळींची यादी काढली. प्रोसेसर कुठल्या पत्त्यावरची सूचना चालवायला निघाला होता, त्या जागी लिहिलं होतं ४७-४ई-४९-५२.

प्रोग्राम जिथे असतो त्या फ्लॅश मेमरीचा असा पत्ता या चिपमध्ये नाही. तो क्षणभर आकड्यांकडे बघत राहिला, मग वहीत उलट्या क्रमाने लिहिले: ५२, ४९, ४ई, ४७. ही अक्षरं होतात आर, आय, एन, जी. कॉल आला की सिमचं मॉड्यूल प्रोसेसरला 'रिंग' असा शब्द पाठवतं. प्रोसेसर तो शब्द पत्ता समजून तिकडे उडी मारायला गेला होता.

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. थांब्याच्या काळात आलेला मजकूर साठत राहतो; प्रत्येक रिंगबरोबर कॉल करणाऱ्याच्या नंबरची ओळही येते. थांबा संपला की सगळा साठा ६४ अक्षरांच्या एका तात्पुरत्या जागेत ओतला जायचा, मापून न पाहता. एका कॉलचा मजकूर मावायचा. दोन-तीन कॉलचा सांडायचा, आणि सांडलेली अक्षरं नेमकी परतीचा पत्ता ठेवलेल्या खणात पडायची. शेतकऱ्याने सांगितलेलं लक्षण अक्षरशः खरं होतं. रेंजचा काही संबंध नव्हता.

तरी एक प्रश्न उरला होता. अशा चिपमध्ये वॉचडॉग असतो. प्रोग्राम अडकला की ठरलेल्या वेळात तो सगळं पुन्हा सुरू करतो. तो कुठे होता? प्रोग्राममध्ये होता, पण त्याची ओळ कॉमेंट करून ठेवलेली. कारणही ओळखीचं. डिबग करताना प्रोसेसर थांबवला तरी वॉचडॉगचं घड्याळ थांबत नाही. तो मध्येच रीसेट देतो आणि हातातलं काम उधळतो. मग वैतागून कुणीतरी तो बंद करतो आणि परत चालू करायचा राहतो. खरं तर डिबगच्या रजिस्टरमध्ये एक बिट लावला की प्रोसेसर थांबलेला असेतो वॉचडॉगही थांबतो. उत्पादकाच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे, फक्त डिबगच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण शेवटाकडे आहे. याने बिट लावला, वॉचडॉग चालू केला, मजकूर मापून घेणारी ओळ घातली. मग मिस कॉलवर मिस कॉल. डबा प्रत्येक वेळी शुद्धीत.

दुरुस्तीला येणाऱ्या बाहेरच्या डब्यांच्या पोटात मात्र असं शिरता येत नाही. त्यांचेही पाच ठिपके असतात, ओळखक्रमांकही मिळतो, पण फ्लॅश वाचायला गेलं की नकार. वाचनबंदी लावलेली असते आणि ती काढायची आज्ञा दिली की चिप आधी आतला प्रोग्राम पुसून टाकते. चोरी थांबवायला हे ठीक आहे. पण ज्याने तो डबा पैसे देऊन घेतला आणि ज्याची कंपनी दोन हंगामांत गायब झाली, त्याला या कुलपाचा उपयोग काय, हे मला पटवून देणारं कुणी अजून भेटलेलं नाही.

शेठना मात्र आपल्या पुढच्या लॉटला कुलूप हवं होतं. "उद्या कुणीबी उचलंल," ते म्हणाले. बरीच घासाघीस झाली. ठरलं असं, की कुलूप लावायचं, पण पिनांची पट्टी बसवायची आणि बोर्डावर प्रत्येक पिनेचं नाव छापायचं. शिवाय फॉल्ट झालाच तर हँडलरने गोल फिरत न बसता अपघाताचा पत्ता चिपच्या बॅकअप रजिस्टरांत लिहायचा. वॉचडॉगने रीसेट दिला तरी ती रजिस्टरं पुसली जात नाहीत. शुद्धीवर आलेल्या डब्याने तो पत्ता दुकानाच्या नंबरवर एसएमएस करायचा.

यावर शेठनी एकच अट घातली, त्या एसएमएसचा खर्च शेतकऱ्यावर पडता कामा नये. ती अट अजून तशीच आहे, कारण डब्यात सिम एकच बसतं आणि ते शेतकऱ्याचं असतं.