सही कुणाची?

१९९२ साली मी जतला बँकेत होतो. शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुलगी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाठांतराला बसे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सगळं तोंडपाठ. दृढीकरणाला महिना उरला होता. तान्हेपणीच्या बाप्तिस्म्यात वचन आईबाप देतात. दृढीकरणात तेच मुलानं स्वतः द्यायचं, मग बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. (माझ्या मुंजीत मला कुणी काही विचारलं नव्हतं. पाटावर बस म्हणाले, बसलो.)

मी बँकवाल्याच्या भाषेत तिला म्हटलं, "अज्ञान मुलाच्या खात्यावर पालकाची सही, सज्ञान झाल्यावर त्याची स्वतःची. तसंच हे."

"पण काका, सही करावीशी वाटली नाही तर?"

मी गप्प. घरी तिनं हेच विचारलं आणि वडील भडकले. पाहुण्यांना पत्रं गेली होती, पांढरा फ्रॉक शिवून आला होता. शिवाय तिचे पणजोबा मिरजेला, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या इस्पितळात बरे झाले, ख्रिस्ती झाले, त्यापायी गाव सुटलं. "त्यांनी एवढं सोसलं, आणि तू विचार करतेस?"

"पणजोबांनी स्वतः ठरवलं होतं ना?"

पाळकसाहेब शहाणे. म्हणाले, थांबू या.

पुढच्या वर्षी ती आपणहून त्यांच्याकडे गेली. मलाही बोलावणं होतं. बिशपांनी विचारलं तेव्हा तिचा 'हो' मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. फ्रॉक तेवढा आखूड झाला होता. आईनं खालची दुमड उसवून तो पुरवला होता.