घोडा आणि पोटापाणी

मराठी भाषेत घोडा अजून मोकळा हिंडतो आहे. काम कुठे अडले हे विचारायचे झाले, की ‘घोडे पेंड कुठे खाते’ असे आपण म्हणतो. निकाल जवळ आला की ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणतो. आणि निरुपयोगी माणसे गोळा झाली की ती खोगीरभरती. वर्गात हे वाक्प्रचार शिकवताना दरवर्षी एक मौज ध्यानात येते. वाक्प्रचार मुलांना पाठ असतात, पण खोगीर बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते.

अशाच एका तासानंतर एक विद्यार्थी मागे रेंगाळला आणि म्हणाला, “सर, मला घोड्यांतच काम करायचंय. काय शिकू?” चारच दिवसांनी त्याचे वडील माझ्याकडे आले. भला गृहस्थ, पण चेहरा उतरलेला. “आमच्या घरात आजवर कुणी रेसचं तिकीट घेतलं नाही हो. तुम्हीच त्याला समजवा.”

त्यांची धास्ती खोटी नव्हती. महालक्ष्मीचे मैदान १८८३ साली सुरू झाले. तेव्हापासून पगाराचे पाकीट तिथे रिकामे करून घरी परतलेल्या माणसांची गणती कोण करणार? घोड्यांच्या शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. पण त्या निकालाने कुणाच्या घरातला गेलेला पैसा परत येत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, की मैदानाला एक कठडा असतो. तिकीटवाले त्याच्या अलीकडे उभे असतात. तुमच्या चिरंजीवांना पलीकडे जायचे आहे, आणि पलीकडची माणसे पहाटे अंधारात उठतात.

या पलीकडच्या जगाची शब्दसंपत्ती एके काळी मराठीत केवढी होती! पागेत घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार, त्याला चालीवर आणणारा चाबूकस्वार, नाल ठोकणारा नालबंद. अंग चोळण्याला खरारा, चंदी खायला तोबरा, धावण्याच्या जातींना दुडकी, रपेट, भरधाव अशी नावे. एकेक शब्द म्हणजे एकेक हुन्नर. घोड्याच्या वैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्या नावावरून उत्तरेत गुरांच्या वैद्याला सलोतरी म्हणू लागले. पण पागेतली विद्या बहुतेक बापाकडून मुलाकडे तोंडीच गेली. हाताला ठाऊक होते ते कागदावर थोडेच उतरले.

हात आणि पुस्तक यांची गाठ युरोपात पडली ती एका घोडेस्वारीच्या शिक्षकामुळे. फ्रान्समधील लियाँ शहरात क्लोद बूर्झला हा अश्वारोहणाच्या शाळेचा प्रमुख होता. त्याने १७६१ साली पहिले पशुवैद्यकीय विद्यालय काढण्याची परवानगी मिळवली. इंग्लंडात ‘एक्लिप्स’ नावाचा घोडा १७६४ च्या सूर्यग्रहणात जन्मला आणि अठरा शर्यतींत एकदाही हरला नाही. १७८९ साली तो मेला, तेव्हा सँबेल नावाच्या फ्रेंच वैद्याने त्याचे शवविच्छेदन करून हाडन् हाड मोजले. दोनच वर्षांनी लंडनला पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि हाच सँबेल त्याचा पहिला प्राध्यापक झाला. आपल्या मुंबईतले महाविद्यालय १८८६ पासूनचे.

पुस्तक का हवे, याचे एकच उदाहरण देतो. घोड्याला ओकता येत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि आतडे मात्र लांबलचक. म्हणून एकदम भरपूर चंदी घातली तर पोटशूळ उठतो आणि पाचशे किलोंचे धिप्पाड जनावर रात्रीत दगावू शकते. थोडे थोडे, वरचेवर, आणि आधी वैरण, हा पागेतला जुना नेम. त्याचे कारण शरीरशास्त्रात सापडते. उलट, घोड्याने कान मागे टाकले की सावध व्हावे, हे पुस्तकात वाचून भागत नाही. ते अंगात मुरावे लागते.

आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात टली येथे एक अश्वपैदास केंद्र आहे. १९०० साली ते हॉल वॉकर नावाच्या धनिकाने सुरू केले. हा गृहस्थ प्रत्येक शिंगराची पत्रिका करवून घेई आणि ग्रह वाईट निघाले तर ते विकून टाकी! आपल्याकडच्या वधूवरांच्या आईबापांना यात नवल वाटू नये. आज तिथे पैदाशीचा अभ्यासक्रम चालतो तो मात्र ग्रहांवर नव्हे. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा रात्रीच विते. त्यामुळे विद्यार्थ्यांचे अर्धे शिक्षण रात्रीच्या जागरणात, गोठणाऱ्या थंडीत होते. घोडी वेळेत मोकळी झाली नाही तर मिनिटे मोजावी लागतात.

जॉकी होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना मात्र दोन कटू गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, वजन. स्वार पन्नास किलोंच्या आसपास राहावा लागतो, आणि सोळाव्या वर्षी हडकुळा असलेला मुलगा विसाव्या वर्षी कसा होईल हे कुणी सांगावे? दुसरी, पडणे. घोड्यावरून कधीच न पडलेला जॉकी मिळणे कठीण. हाड मोडले, वजन वाढले, की हातातली विद्या एका दिवसात पोरकी होते. शर्यतीखेरीज दुसरीही वाट आहे. चीनमधील हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ड्रेसाज या प्रकारात भारतीय चमूने सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले ते एकेचाळीस वर्षांनंतरचे पहिले सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. पण या वाटेवर स्वतःचा घोडा आणि परदेशातले शिक्षण लागते. मध्यमवर्गीय खिशाला ते झेपणारे नव्हे.

मग आपल्या घरातल्या मुलामुलींनी काय करावे? पशुवैद्यकाची पदवी घ्यावी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात, आणि शर्यतीचे घोडे नाही मिळाले तरी गाईम्हशी कुठे जात नाहीत. आणि पदवीच्या आधीच एक सुट्टी तबेल्यात काढावी: शेण उचलावे, खरारा करावा, खूर धुवावेत. महिनाभराने हौस उरली तर ती खरी.

दुःख आहे ते एका गोष्टीचे. ज्या सईसांच्या घरात पिढ्यान् पिढ्या घोडे पोसले गेले, त्यांच्या मुलांकडे हात आहेत, पण पदवी नाही. आपल्या मुलांकडे पदवी येईल, पण हात नसतील. तबेल्यात पहिले पाऊल टाकणाऱ्या पांढरपेशा मुलाने म्हाताऱ्या सईसाला ‘काका’ म्हणून हाक मारावी आणि त्याच्याकडून शिकावे. जमले तर त्याच्या नातवाला आपली पुस्तके द्यावीत. घोडा कुणाचे प्रमाणपत्र पाहत नाही. तो फक्त अंगावर पडलेला हात ओळखतो.